४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या आहे का? २, ३, ५, ७, ११ ने भाग जात नाही, मग कागदावर कसं तपासायचं?

मूळ नाही. ४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७.

लहान संख्यांनी ओळीने भाग देत गेलात तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे ६५,५३६ पर्यंत जावं लागेल आणि तिथवर साडेसहा हजार मूळ संख्या आहेत. त्याऐवजी संख्येचं रूप बघा: ती २ चा ३२ वा घात अधिक १ आहे. फर्मा या गणितज्ञाला अशा (२ चा २ⁿ वा घात अधिक १) सगळ्या संख्या मूळ वाटल्या होत्या. ऑयलरने १७३२ मध्ये हीच संख्या फोडून दाखवली.

समजा p हा तिचा मूळ विभाजक आहे. मग p ने भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो), म्हणून बाकी १ यायला २ चा किमान ६४ वा घात लागतो. यावरून p − १ ला ६४ ने भाग जातो. त्यामुळे p ला ८ ने भागल्यास बाकी १ उरते, अशा p साठी २ ही वर्गबाकी असते (म्हणजे एखाद्या संख्येच्या वर्गाला p ने भागल्यास बाकी २ उरते), त्या संख्येची बाकी १ यायला किमान १२८ वा घात लागतो, आणि अट आणखी कडक होते: p = १२८क + १. आता १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ एवढेच बघा. यातल्या मूळ दोनच, २५७ आणि ६४१. २५७ ने भागल्यास बाकी २ उरते, ६४१ ने निःशेष भाग जातो. साडेसहा हजारांचं काम दोन भागाकारांत!

भागाकारही टाळायचा असेल तर: ६४१ = ५ × १२८ + १ आणि ६४१ = ६२५ + १६. ६४१ ने भागल्यास, पहिल्यावरून ५ × २⁷ ची बाकी −१, म्हणून ५⁴ × २²⁸ ची १. दुसऱ्यावरून ५⁴ च्या जागी −२⁴ चालतो. म्हणजे −२³² ची बाकी १, झालं.

६७,००,४१७ मूळ आहे हेही तपासा, बरेच जण ही पायरी गाळतात. तिचे विभाजकही त्याच रूपाचे हवेत, आणि वर्गमूळ २,५८८ च्या आसपास. उमेदवार पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. म्हणून ४,२९,४९,६७,२९७ ला एकूण विभाजक ४, त्यांची बेरीज ४,३०,१६,६८,३५६.

दोन वर्गांची बेरीज म्हणूनही ती दोन प्रकारे लिहिता येते: ६५५३६² + १² आणि ६२२६४² + २०४४९². मूळ संख्येला अशी मांडणी फार तर एकच असते, त्यामुळे विभाजक न सांगताही एवढ्यावरून ती संयुक्त ठरते.

संगणकावर करणार असाल तर पाया २ घेऊन फर्माची चाचणी (पायाचा ‘संख्या वजा १’ वा घात त्या संख्येने भागून बाकी १ येते का बघणं) लावू नका. संख्या वजा १ म्हणजे २³², त्याला ६४ ने भाग जातो, म्हणून बाकी १ येते आणि चाचणी ‘मूळ’ म्हणते. पाया ३ घ्या. आणि ३२ बिटांच्या चलात ही संख्या मावत नाही, गुपचूप १ होऊन बसते. ६४ बिटांतही सावध: २³² ही बाकी स्वतःशी गुणली की गुणाकार २⁶⁴ होतो, तो बिनचिन्ह (ऋण संख्या न ठेवणाऱ्या) चलात थेट ० दिसतो.