कारखान्यात अल्पवयीन मुलं सापडली, कंपनी म्हणते ‘आम्हाला माहीत नव्हतं’. छोट्या भागधारकाने हे कसं तपासायचं?

तुम्ही विचारलंय की तुमच्याकडे एका लिस्टेड कंपनीचे थोडे शेअर आहेत, तिच्याशी संबंधित कारखान्यात अल्पवयीन कामगार सापडल्याची बातमी आली आणि कंपनीने एक्स्चेंजला कळवलं की कामगार ठेकेदाराचे होते, आम्हाला कल्पना नव्हती. यावर विश्वास ठेवायचा का, आणि आपल्यासारख्याला काही करता येतं का?

खुलाशात सगळ्यात आधी तारीख शोधा. मुलं कामाला होती की नाही हे लेबर इन्स्पेक्टर आणि पोलीस ठरवतील. भागधारकाचा प्रश्न वेगळा आहे: कंपनीतल्या वरच्या माणसांना हे पहिल्यांदा कधी कळलं, आणि त्या दिवसापासून बातमी येईपर्यंत त्यांनी तुम्हाला काय सांगितलं? ‘आम्ही अशा गोष्टी अजिबात खपवून घेत नाही’ हे वाक्य प्रत्येक खुलाशात असतं. तारीख बहुतेकदा नसते.

ब्रिटनमधल्या बूहू या कपडे विकणाऱ्या कंपनीचं प्रकरण यासाठी बघण्यासारखं आहे. जुलै २०२० मध्ये लेस्टरमधल्या एका शिवणकारखान्याबद्दल बातमी आली की तिथे तासाला साडेतीन पौंड मजुरी मिळते. कायदेशीर किमान वेतन तेव्हा ८.७२ पौंड होतं. शेअर काही दिवसांत ४० टक्क्यांहून जास्त कोसळला. कंपनीने परिस्थिती अस्वीकारार्ह असल्याचं म्हटलं आणि बॅरिस्टर अ‍ॅलिसन लेव्हिट यांना चौकशीला नेमलं. सप्टेंबरमध्ये २३४ पानी अहवाल आला. आरोप बऱ्याच अंशी खरे ठरले. कंपनीने स्वतः गुन्हा केल्याचा पुरावा सापडला नाही. पण लेस्टरच्या कारखान्यांत गंभीर समस्या आहेत हे वरिष्ठ संचालकांना फार तर डिसेंबर २०१९ पर्यंत पक्कं कळलेलं होतं, असंही अहवालात होतं. म्हणजे बातमीच्या सात महिने आधी. त्याच्याही आधी, २०१८ मध्ये, ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे याच विषयावर कंपनीची साक्ष झाली होती. २०२४ मध्ये संस्थात्मक गुंतवणूकदारांच्या एका गटाने लंडनच्या हायकोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावला, त्याचा आधार कंपनीला काय कळलं होतं आणि तिने काय सांगितलं यांतली हीच दरी आहे. तिथल्या कायद्यानुसार निवेदन चुकीचं होतं एवढं दाखवून भागत नाही. ते चुकीचं आहे हे व्यवस्थापनातल्या जबाबदार माणसाला माहीत होतं, किंवा त्याने बेफिकिरीने केलं, हेही सिद्ध करावं लागतं.

म्हणून पहिलं काम घरबसल्या होणारं आहे. बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर कंपनीच्या पानावर जाऊन बातमीच्या आधीच्या दोन वर्षांच्या सगळ्या घोषणा, वार्षिक अहवाल आणि अ‍ॅनालिस्ट कॉलचे (व्यवस्थापन आणि शेअर विश्लेषक यांच्या बैठकांचे) ट्रान्सक्रिप्ट उतरवून घ्या. मग त्याच काळातल्या स्थानिक बातम्या, कामगार न्यायालयातले खटले, विधानसभेतले प्रश्न शोधा, कारखान्याच्या गावाच्या आणि तालुक्याच्या नावाने. कंपनीच्या नावाने शोधलं तर शेअरच्या टिप्सच हाती लागतात. दोन्ही रांगा तारखेप्रमाणे एकाखाली एक लावल्या की बरंच काही दिसायला लागतं.

शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या लिस्टेड कंपन्यांसाठीच्या नियमांत (एलओडीआरचं कलम ३०) मुदती ठरलेल्या आहेत. महत्त्वाची घटना कंपनीच्या आत घडली असेल तर १२ तासांत, बाहेरून आली असेल, म्हणजे सरकारी कारवाई वगैरे, तर २४ तासांत एक्स्चेंजला कळवायचं. परवाना निलंबित झाला, दंड झाला, तर तेही याच कलमाखाली येतं. बातमीमुळे भाव हलला तर २४ तासांत ती खरी की खोटी हे सांगण्याचं बंधन मात्र बाजारमूल्याने पहिल्या २५० कंपन्यांनाच आहे. तुमची कंपनी त्याखालची असेल तर ‘बाजारातल्या अफवांवर आम्ही बोलत नाही’ म्हणून ती मोकळी होऊ शकते.

आता ‘ते आमचे नाहीत’ या वाक्याकडे. जून २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या रायसेन जिल्ह्यात सोमच्या मद्य कारखान्यात पन्नासहून अधिक अल्पवयीन मुलं सापडली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने तिथे छापा घातला होता. शेअर बाजारात नोंदलेल्या सोम डिस्टिलरीज अँड ब्रुअरीजने एक्स्चेंजला कळवलं की हा प्रकल्प संलग्न प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा आहे आणि मजूर ठेकेदारांनी पुरवले होते, त्यांनी वयाची नीट पडताळणी केली नसावी. असा खुलासा कायद्याच्या दृष्टीने बरोबर असू शकतो आणि तरी भागधारकाला पुरेसा नसतो. दोन कंपन्या वेगळ्या असल्या तरी त्यांच्यात माल, पैसा आणि माणसं किती फिरतात हा खरा प्रश्न.

तो वार्षिक अहवालातल्या ‘रिलेटेड पार्टी’ (कंपनीशी संबंधित कंपन्या आणि माणसं) या टिपेत सुटतो. त्या प्रायव्हेट कंपनीकडून खरेदी किती, तिला दिलेली कर्जं आणि हमी किती, सामाईक संचालक कोण, हे सगळं तिथे असतं. शिवाय लिस्टेड कंपनी असे व्यवहार दर सहा महिन्यांनी एक्स्चेंजला वेगळे कळवते. वर्षाला शे-दोनशे कोटींचा माल तिथून येत असेल आणि अध्यक्ष एकच असेल, तर ‘वेगळी कंपनी’ म्हणणं कागदापुरतं उरतं. ठेकेदाराच्या बाबतीतही तसंच. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाने द्यायची, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलंय.

यापुढची तपासणी फारसं कोणी करत नाही, आणि मला विचाराल तर तीच सगळ्यात उपयोगी आहे. पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर हा सामाजिक जबाबदारी आणि पर्यावरणाबद्दलचा अहवाल द्यावा लागतो. त्याच्या सुरुवातीलाच कायम आणि कायम नसलेले कामगार किती, याचा तक्ता असतो. दुसरीकडे नफा-तोटा पत्रकाच्या टिपांमध्ये कंत्राटी मजुरीचा खर्च असतो. कधी ‘इतर खर्चा’त, कधी ‘जॉबवर्क’ किंवा ‘उत्पादन खर्च’ या नावाखाली. समजा खर्च ६ कोटी रुपये आणि कंत्राटी कामगार ४००. माणशी वर्षाला दीड लाख, महिन्याला १२,५०० रुपये. यात मालकाच्या वाट्याचा पीएफ प्रशासकीय खर्च धरून १३ टक्के, ईएसआय (कामगार विमा) ३.२५ टक्के, बोनस ८.३३ टक्के आणि ठेकेदाराचं कमिशन, समजा ६ टक्के. हे टक्के मूळ मजुरीवर लागतात, म्हणून तसा हिशेब करून ते वजा केले की कामगाराची मूळ मजुरी साडेनऊ हजारांच्या आसपास उरते. आता त्या राज्याचे त्या उद्योगासाठीचे किमान वेतनाचे दर काढा. महाराष्ट्रात विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, तो धरायला विसरू नका. आकडा दराच्या खाली येत असेल तर तीनपैकी एक शक्यता आहे: कामगार वर्षभर नव्हते, खर्चाचा काही भाग दुसऱ्या टिपेत आहे, किंवा कुणाला तरी कायद्यापेक्षा कमी मिळतंय. पहिल्या दोन शक्यता कंपनीला एका ओळीत स्पष्ट करता येतात. म्हणून हा प्रश्न लेखी विचारायचा.

तक्त्यातली संख्या ३१ मार्चची असते. साखर, मासळी, फटाके असा हंगामी धंदा असेल तर हा हिशेब फसतो, मग सरासरी संख्या मागा.

बीआरएसआरमध्ये बालमजुरी, वेठबिगारी आणि वेतन यांबद्दलच्या तक्रारींचाही तक्ता असतो आणि तिथे बहुतेक ठिकाणी शून्य दिसेल. त्या शून्यावर जाऊ नका. तेरा वर्षांचं पोर कंपनीच्या तक्रारपेटीत चिठ्ठी टाकत नाही. अहवालाच्या त्याच भागात कारखान्यांपैकी किती टक्क्यांची तपासणी झाली, कुणाकडून झाली, हे दिलेलं असतं. ‘१०० टक्के, कंपनीकडूनच’ असं असेल आणि त्याच वर्षी सरकारी छाप्यात मुलं सापडली असतील, तर प्रश्न तपासणीच्या दर्जाचा आहे आणि त्या तपासणीवर कुणी सही केली हे विचारता येतं. पुरवठादारांच्या तपासणीची माहिती अजून बहुतेक कंपन्यांना ऐच्छिक आहे. रकाना रिकामा सोडलेला असेल तर त्यातूनही काय ते कळतं.

प्रवर्तक (कंपनीवर ताबा असलेले मुख्य मालक) आणि संचालकांनी त्या मधल्या काळात शेअर विकले का, तेही बघा. तिमाहीत दहा लाखांवरचा व्यवहार दोन कामकाजाच्या दिवसांत कंपनीला कळवावा लागतो आणि तो एक्स्चेंजवर दिसतो. कंपनीला कळल्याची तारीख आणि जाहीर केल्याची तारीख यांच्यामध्ये विक्री दिसली तर माझ्या मते बाकी तपास थांबवला तरी चालेल.

एवढं हातात आल्यावर कंपनी सेक्रेटरीला ईमेल करा. डीमॅटला नोंदलेल्या आयडीवरून, डीपी आणि क्लायंट आयडी लिहून. प्रश्न थोडे आणि तारखेने किंवा आकड्याने उत्तर देता येतील असे ठेवा. व्यवस्थापनाला पहिली माहिती कोणत्या तारखेला मिळाली? ऑडिट कमिटीला (हिशेबावर देखरेख करणाऱ्या संचालकांच्या समितीला) कधी सांगितलं? चौकशी कोण करतंय, त्याला कुणी नेमलं आणि अहवाल पूर्ण प्रसिद्ध होणार का? (बूहूने तो पूर्ण प्रसिद्ध केला होता, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.) ठेकेदाराला काढलं असेल तर कामगारांची थकीत मजुरी कुणी दिली? शेवटचा प्रश्न भावनेचा वाटेल, पण तो हिशेबाचा आहे: ठेकेदाराला एका दिवसात काढून टाकणाऱ्या कंपनीवर ती देणी पुढे येऊन आदळतात.

उत्तर येईल की ही भावावर परिणाम करणारी माहिती आहे, एका भागधारकाला देता येत नाही. हे बरोबर आहे. त्यावर तुम्ही लिहा: मग एक्स्चेंजवर सगळ्यांना द्या. संचालक मंडळाच्या इतिवृत्ताची प्रत मागण्यात वेळ घालवू नका, भागधारकाला तो हक्क नाही. सर्वसाधारण सभांचं इतिवृत्त मात्र बघायला मिळतं.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, नोटीस २१ दिवस आधी येते. ऑनलाइन सभेत बोलायचं असेल तर वक्ता म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं आणि ती मुदत सभेच्या कितीतरी दिवस आधी संपते. बहुतेकांची संधी इथेच जाते. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. लाभांशाबद्दल आभार मानणाऱ्यांच्या गर्दीत तुमचा एक प्रश्न ऐकू जायला हवा, म्हणून तारखेचा प्रश्न तेवढा विचारा आणि बाकीचे आधीच लेखी पाठवा.

मतदानात दोनशे शेअरने काय होणार, असं वाटणं साहजिक आहे. साध्या ठरावात प्रवर्तकांपुढे खरंच काही होत नाही. पण स्वतंत्र संचालकाच्या दुसऱ्या कार्यकाळाला विशेष ठराव लागतो, म्हणजे बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट हवीत. पडलेल्या मतांपैकी २५ टक्क्यांहून जास्त विरोधात गेली की ठराव पडतो. म्युच्युअल फंड विरोधात असतील तर छोट्यांची मतं कामाला येतात. निकाल दोन कामकाजाच्या दिवसांत येतो, त्यात संस्थांची आणि इतरांची मतं वेगळी दाखवलेली असतात. ऑडिट कमिटीच्या सदस्याची फेरनियुक्ती असेल तर तिथेच विरोध करा.

कंपनीने माहिती दडवली किंवा उशिरा दिली असं कागदावर दाखवता येत असेल तर सेबीच्या स्कोअर्स या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करा. घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे, आधी कंपनीला लिहिलेलं असावं आणि कंपनीला उत्तराला २१ दिवस मिळतात. तिथे बालमजुरीची तक्रार करू नका, ती बंद होईल. त्यासाठी १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन किंवा बालमजुरीच्या तक्रारींसाठीचं केंद्राचं पेन्सिल पोर्टल. कंपनी कायद्याच्या कलम २४५ खाली शंभर सभासद किंवा एकूण सभासदांच्या ५ टक्के, यांतली कमी असेल तेवढी माणसं, किंवा लिस्टेड कंपनीत २ टक्के भांडवल असलेले लोक एकत्र येऊन संचालकांवर आणि ऑडिटरवरही सामूहिक दावा लावू शकतात. आपल्याकडे हे फारच क्वचित होतं. तरी शेअर घेतल्याच्या कॉन्ट्रॅक्ट नोट आणि त्या दिवसापर्यंतची कंपनीची निवेदनं जपून ठेवा, कारण अशा दाव्यात तुम्ही कशावर विसंबून पैसे घातले हे विचारलं जाणारच.

विकायचं की ठेवायचं? बातमीच्या पहिल्या तीन दिवसांत भावाकडे बघून ठरवू नका. बूहूचा शेअर त्या पडझडीनंतर काही आठवड्यांत बराच सावरला होता आणि पुढच्या दोन वर्षांत इतर कारणांनीही पार गडगडला. बातमी आली तेव्हा स्टँडर्ड लाइफ अ‍ॅबरडीन या मोठ्या गुंतवणूक कंपनीने बहुतेक हिस्सा विकला तो कंपनीचा प्रतिसाद अपुरा आहे असं सांगून. मीही तोच निकष लावेन: लेखी प्रश्नाला तारीख मिळाली तर थांबा, दोनदा विचारूनही फक्त धोरणाचं पान चिकटवून पाठवलं तर वार्षिक सभेची वाट न बघता बाहेर पडा.