वाचकांचे प्रश्न : वाहिन्यांचे मालक, देशाचे पंतप्रधान

प्रश्न : माझा नातू व्यवस्थापनशास्त्र शिकतो. ज्याने मोठी कंपनी चालवली त्याला देश चालवणे जड जात नाही, असे तो म्हणतो आणि इटलीच्या सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांचे उदाहरण देतो. माध्यमव्यवसायातील अनुभव त्यांना राज्यकारभारात खरोखर उपयोगी पडला का? पंतप्रधान होताना त्यांना वाहिन्या सोडाव्या लागल्या नाहीत का? आपल्याकडे याबाबत काय नियम आहे?
— एक निवृत्त वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : निवडणूक जिंकण्यासाठी तो अनुभव त्यांना पुरेपूर उपयोगी पडला, सरकार चालवण्यासाठी मात्र बेताचाच. याचे कारण त्यांच्या धंद्याच्या स्वरूपातच आहे.

बर्लुस्कोनी यांचा जन्म १९३६ सालचा, मिलानमधला. कायद्याची पदवी घेऊन ते बांधकाम व्यवसायात शिरले आणि शहराबाहेर त्यांनी ‘मिलानो २’ ही वसाहत उभारली. तिथल्या रहिवाशांसाठी सुरू झालेली छोटी केबल वाहिनी हे त्यांच्या साम्राज्याचे मूळ. इटलीच्या घटना न्यायालयाने १९७६ मध्ये खासगी वाहिन्यांना केवळ स्थानिक प्रक्षेपणाची मुभा दिली होती. बर्लुस्कोनी यांनी त्यातून वाट काढली ती अशी, की एकाच कार्यक्रमाच्या ध्वनिचित्रफिती गावोगावच्या केंद्रांवर आधी पोचवायच्या आणि सर्वांनी त्या एकाच वेळी लावायच्या. कागदोपत्री सगळे स्थानिक, प्रत्यक्षात अवघा देश एकच वाहिनी पाहतो आहे! ‘कनाले ५’ त्यांनी स्वतः उभी केली, ‘इटालिया १’ आणि ‘रेते ४’ विकत घेतल्या. मात्र त्यांची खरी कमाई ‘पुब्लितालिया’ या जाहिरात कंपनीतून होत असे. सरकारी ‘राय’ वाहिनीवर जाहिरातींना वेळ मोजूनमापून मिळे. ज्यांच्यासाठी तिथले दार उघडत नसे अशा मध्यम कारखानदारांना या कंपनीच्या विक्रेत्यांनी गाठले. बर्लुस्कोनी यांना आपण माध्यमसम्राट म्हणतो खरे, पण त्यांची मुख्य कला बातमीची नव्हे, विक्रीची होती.

राजकारण्यांशी त्यांचा संबंध पंतप्रधानपदाच्या बराच आधीचा आहे. ऑक्टोबर १९८४ मध्ये काही शहरांतील न्यायाधीशांनी त्यांचे प्रक्षेपण थांबवले, तेव्हा पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी या त्यांच्या मित्राने काही दिवसांतच अध्यादेश काढून ते पुन्हा सुरू करून दिले. पुढे १९९० च्या कायद्याने तिन्ही वाहिन्यांवर शिक्कामोर्तब झाले. त्या कायद्याच्या निषेधार्थ ज्या पाच मंत्र्यांनी राजीनामे दिले, त्यांत शिक्षणमंत्री सेर्जिओ मात्तारेल्ला हेही होते. तेच २०१५ मध्ये इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले.

लाचखोरीच्या तपासात १९९२ नंतर जुने पक्ष कोसळले, क्राक्सीही राजकारणातून बाहेर फेकले गेले, आणि पाठीराखा उरला नाही तेव्हा बर्लुस्कोनी स्वतःच मैदानात उतरले. २६ जानेवारी १९९४ रोजी त्यांचे सुमारे नऊ मिनिटांचे चित्रित भाषण वाहिन्यांवर झळकले : मागे पुस्तकांचे कपाट, चौकटीत बसवलेली घरच्यांची छायाचित्रे, पुढे टेबल, आणि नजर थेट प्रेक्षकाकडे. पत्रकार परिषद नाही, प्रश्न नाहीत. पक्षाचे ‘फोर्झा इटालिया’ हे नाव म्हणजे फुटबॉलच्या मैदानावरची आरोळी (‘ए. सी. मिलान’ हा संघ १९८६ पासून त्यांच्याच मालकीचा होता). पक्षबांधणीत आणि उमेदवार हेरण्यात ‘पुब्लितालिया’ची माणसे पुढे होती. जेमतेम दोन महिन्यांत त्यांच्या आघाडीने निवडणूक जिंकली.

आपल्या नातवाचे म्हणणे इथवर टिकते. पण कंपनीत मालकाचा शब्द अखेरचा असतो. आघाडी सरकारात तसा नसतो. आघाडीतल्या ‘लेगा नोर्द’ या पक्षाने पाठिंबा काढताच डिसेंबर १९९४ मध्ये पहिले सरकार गडगडले. त्यानंतर ते २००१ ते २००६ आणि २००८ ते २०११ पुन्हा पंतप्रधान होते, हे खरे. परंतु २००१ च्या प्रचारातसुद्धा त्यांनी दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात टेबलाशी बसून ‘इटालियन जनतेशी करार’ म्हणून एका कागदावर सही केली. विक्रेत्याची सवय सुटली नव्हती.

वाहिन्यांविषयी : कंपनीतील पदे त्यांनी १९९४ मध्ये सोडली, मालकी सोडली नाही. एकाच मालकाकडे किती वाहिन्या असाव्यात यावर १९९५ मध्ये सार्वमत झाले आणि मतदारांनीच निर्बंध फेटाळले, हे त्यांच्या टीकाकारांना अडचणीचे वाटते. त्यांच्याच कारकिर्दीत २००४ मध्ये झालेल्या कायद्यानेही व्यवस्थापनातील पद घेण्यास मनाई केली, नुसत्या मालकीला नाही. मला त्याहून गंभीर वाटते ती एप्रिल २००२ ची घटना. पंतप्रधान या नात्याने बल्गेरियाची राजधानी सोफिया येथे बोलताना त्यांनी ‘राय’वरील तिघांची नावे घेऊन टीका केली, आणि पुढे त्या तिघांचेही कार्यक्रम बंद झाले. आपल्या वाहिन्या हाती होत्याच; आता प्रतिस्पर्धी वाहिनीही सरकारच्या, म्हणजे त्यांच्याच, छायेत आली.

आपल्याकडे मंत्र्यांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची आचारसंहिता आहे. तिच्यानुसार मंत्र्याने पूर्वीच्या व्यवसायाच्या व्यवस्थापनाशी संबंध तोडायचे असतात, मालकी मात्र ठेवता येते. म्हणजे या मुद्द्यावर आपण इटलीपासून फार दूर नाही, शिवाय ही संहिता आहे, कायदा नव्हे. राजकीय पक्षांना प्रक्षेपणाच्या क्षेत्रात येऊ देऊ नये, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१४ मध्ये केली होती.

पुणेकराला संपादक आणि पुढारी एकाच व्यक्तीत पाहण्याची सवय आहे. ‘केसरी’चे न. चिं. केळकर १९२३ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात गेले; जयंतराव टिळक विधान परिषदेचे सभापती होते. पण ‘केसरी’ हाती घेणाऱ्याला त्यात कोणते मत छापलेले असणार हे ठाऊक असे. संध्याकाळी करमणुकीसाठी वाहिनी लावणाऱ्या मिलानच्या कुटुंबाला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. छापील वृत्तपत्रांपुरती तरी आपल्याकडे एक सोय वर्षानुवर्षे चालत आली : फेब्रुवारी सरल्यावर निघणाऱ्या पहिल्या अंकात ‘फॉर्म ४’ या मथळ्याखाली मालक, मुद्रक, प्रकाशक आणि एक टक्क्याहून अधिक भागभांडवल असणाऱ्यांची नावे बारीक टायपात छापलेली असत. रद्दीत मार्चच्या पहिल्या आठवड्याचे जुने अंक असतील, तर आपण व नातू दोघांनी मिळून ती चौकट शोधावी. चष्मा जवळ ठेवावा.