आमाला पायाचं कोण सांगणार?

"तिच्याशी बोला, पण पायाचा विषय काढू नका." वॉर्डच्या दाराशीच आजींच्या थोरल्या मुलाने मला थांबवलं. पंचावन्नच्या आसपासचा माणूस, ऑफिसातून थेट आलेला, गळ्यात अजून ओळखपत्र लटकत होतं. "पाय काढायचाय हे तिला कळलं तर ती हाय खाईल. जगायचं नाही म्हणेल."

सिंगापुरात मी रुग्णांचं आणि त्यांच्या घरच्यांचं समुपदेशन करते. इथल्या दर चार रहिवाशांपैकी जवळजवळ तिघे चिनी वंशाचे, त्यामुळे माझ्याकडे येणारी बहुतेक घरंही चिनीच. 'तिला सांगू नका' हे मला त्यांच्याकडून सतत ऐकू येतं. मी ते लहानपणी पुण्यातही ऐकलंय. आमच्या आजोबांना कॅन्सर झालाय हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त आजोबांना सोडून. म्हणून त्या मुलाला दोष द्यायला माझं मन धजलं नाही. तो आईला फसवत नव्हता. तिच्या वाटचं भय तो स्वतःच्या अंगावर घेत होता.

त्या घराच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आजींना घरात सगळे 'आमा' म्हणायचे. तिओचिऊ या दक्षिण चीनमधल्या बोलीत आजीला हाक मारायचा तो शब्द. वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह वीस वर्षांचा. साखर दीर्घकाळ चढी राहिली की पायाच्या नसा बधिर होतात आणि रक्तवाहिन्या अरुंद होतात. नसा बधिर म्हणून जखम कळत नाही, आणि रक्त पोचत नाही म्हणून ती भरत नाही. आमांच्या पायाला चपलेचा पट्टा घासला होता. एवढंच निमित्त. सिनसेने, म्हणजे चिनी औषधं देणाऱ्या वैद्याने, दिलेला लेप दोन आठवडे लावला. मग दोन बोटं काळी पडली आणि जंतुसंसर्ग वर सरकायला लागला. गुडघ्याखाली पाय काढावा, नाहीतर जिवाला धोका आहे, असं सर्जनचं स्पष्ट मत होतं. २०१६ मध्ये इथल्या सरकारने मधुमेहाविरुद्ध युद्ध जाहीर केलं. ते का, हे अशा वॉर्डात पाच मिनिटं उभं राहिलं तरी समजतं.

तीन मुलं, तीन मतं. थोरल्याला अजून एक सिनसे बघायचा होता. मुलगी म्हणत होती, आईला सांगा. धाकटा ऑस्ट्रेलियातून फोनवर होता. त्याचं म्हणणं, आधी ऑपरेशन उरका, सांगायचं ते मागाहून बघू. त्यात शानतौहून, म्हणजे दक्षिण चीनमधल्या त्यांच्या मूळ गावाकडून, नातेवाइकांचा निरोप आला होता: "मुलाने सही करायची असते, त्यात आईला काय विचारायचं?" हा निरोप हवेतला नव्हता. चीनमध्ये शस्त्रक्रियेच्या कागदावर घरच्यांनी सही करण्याची रीत जुनी आहे. २०२१ पासून लागू झालेल्या तिथल्या नागरी संहितेतही, रुग्णाला सांगणं योग्य नसेल तर जवळच्या नातेवाइकांना सांगावं, अशी सोय आहे. पण म्हणून 'चिनी लोक असंच करतात' असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही. तैवानमध्ये २०१९ पासून रुग्णाच्या स्वतः ठरवण्याच्या हक्काचा वेगळा कायदा आहे. शेनझेन शहराने २०२३ पासून माणसाने आधी लिहून ठेवलेली उपचारांबद्दलची इच्छा मानायचा नियम केला. एकाच समाजात या सगळ्या वाटा आहेत. सिंगापुरात तर प्रश्नच नव्हता. माणूस शुद्धीवर असेल आणि त्याला समजत असेल, तर संमती त्याचीच लागते. आईच्या सहीशिवाय सर्जन सुरीला हात लावणार नव्हते.

कॉरिडॉरमध्ये बोलता बोलता थोरला मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, एक शब्द बोलून गेला: त्सानफे. अपंग माणसासाठीचा जुना शब्द. त्याच्या दोन अक्षरांचा अर्थ 'मोडकं' आणि 'टाकाऊ'. चीनमध्ये आता अधिकृत शब्द त्सानजी आहे, त्यातून 'टाकाऊ' गेलं. आपण 'पंगू'वरून 'अपंग'वर आणि तिथून 'दिव्यांग'वर आलो, तसंच काहीसं. कागदावरचा शब्द बदलला, पण आईचं नाव घेताना त्याच्या तोंडी जुनाच आला. मला तेव्हा उमगलं की 'खरं सांगायचं का' हा त्याचा वरवरचा प्रश्न आहे. आतला प्रश्न होता, 'असं जगण्यात तिला काय उरणार?' आणि त्याचं उत्तर त्याने आईच्या वतीने आधीच देऊन टाकलं होतं.

इथे माझीही एक चूक झाली. शरीर, केस, कातडी आईवडिलांनी दिलेली आहे, तिला इजा न होऊ देणं ही मातृपितृभक्तीची सुरुवात, असं एका प्राचीन चिनी ग्रंथातलं वचन मी वाचलं होतं. आमांचा विरोध याच श्रद्धेतून असणार असं मी धरून चालले होते. पुढे मी त्यांना ते विचारलंही. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी शाळेत गेले नाही. ते शिकलेल्या लोकांचं." संस्कृतीची माहिती असणं चांगलंच, पण समोरच्या बाईला विचारण्याआधीच मी तिचं उत्तर पुस्तकात शोधलं होतं. मुलानेही तेच केलं होतं, फक्त त्याचं पुस्तक वेगळं होतं.

आमांना तिओचिऊखेरीज दुसरी भाषा नीट येत नव्हती. १९७९ पासून इथे मँडरिन बोलण्याची सरकारी मोहीम चालली, आणि आता नातवंडांना आजीची बोली कळत नाही. मुलगा म्हणाला, दुभाषाचं काम मी करतो. मी नम्रपणे नाही म्हटलं. जो बातमी झाकतोय त्यालाच दुभाषा करायचं नाही, हा नियम मी कधीच मोडत नाही. त्याचा हेतू कितीही चांगला असो, वाक्यं त्याच्या मनातून गाळून येतात. वॉर्डातल्या एक वयस्क मदतनीस बाई तिओचिऊ बोलणाऱ्या होत्या. त्या बसल्या.

जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान मोजायची २६ प्रश्नांची प्रश्नावली आहे. तैवानमध्ये ती वापरायला घेतली तेव्हा तिथल्या अभ्यासकांनी दोन प्रश्न वाढवले: लोक तुम्हाला मान देतात का, आणि तुम्हाला आवडीचं खायला मिळतं का. हे दोन प्रश्न मला फार मोलाचे वाटतात. आमांशी बोलायला मी तिथूनच सुरुवात केली. पायाचं नाव काढलं नाही.

खाण्याचा प्रश्न ऐकताच त्या बोलायला लागल्या. वर्षभर मुलं त्यांच्या ताटातून वाट्या उचलत होती, भात कमी, सॉस नाही. सकाळची पेज आणि वाफवलेला मासा एवढंच त्यांना आवडतं, पण तेही कुणीतरी दुसरं मोजून देतं. मग मानाचा प्रश्न. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. त्यांच्याच मजल्यावर एक शेजारीण होती. पक्षाघातानंतर तिला घरच्यांनी मागच्या खोलीत ठेवलं. नव्या वर्षाला पाहुणे आले की तिचं दार लोटलेलं असायचं. "मला त्या खोलीत जायचं नाही," आमा म्हणाल्या. आणि लगेच पुढे, "पाय केव्हा काढणार?"

मदतनीस बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं?

"तीस वर्षं बाजारात मासे विकले. वास मला कळत नाही होय?"

त्यांना सगळं ठाऊक होतं. मुलाला वाईट वाटू नये म्हणून त्या काही न कळल्यासारखं दाखवत होत्या. तो त्यांना जपत होता, त्या त्याला जपत होत्या, आणि त्या दोघांच्या मधे जखम वाढत होती.

दुसऱ्या दिवशी सगळे एकत्र बसले. आमांनी सर्जनना विचारलं, हाडातून कापणार की सांध्यातून? इतका नेमका प्रश्न बहुतेक रुग्ण विचारत नाहीत. हाडातून, गुडघ्याच्या थोडं खाली. गुडघा राहिला तर उठबस सोपी जाते आणि पुढे कृत्रिम पाय लावायचा तर तोही वापरणं सोपं पडतं. त्यांनी मान हलवली. मग मुलगा रडायला लागला. लोक म्हणतील, आईचा पाय कापू दिला. वडील नाहीत, थोरला मी. आमा त्याला म्हणाल्या, "पाय माझा आहे." एवढंच. एक रात्र मागून घेतली आणि सकाळी अंगठा दिला.

'सांगावं की नाही' म्हणून जे विचारतात त्यांना मी सांगते, आधी विचारा. तुला काय ठाऊक आहे, तुला किती ऐकायचंय, कुणाशी बोलू? कुणी आजी म्हणेल, मला नको सांगू, मुलाशी बोला. तेही चालेल, कारण ते तिने ठरवलेलं असेल. आणि 'असं जगण्यात काय उरणार' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की अपंगत्वासह जगणारी माणसं स्वतःच्या आयुष्याला जितके गुण देतात, त्याहून धडधाकट माणसं त्यांना कमी देतात, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. पहिले महिने जड जातात, ते मी लपवत नाही. पण पुढचं बरंचसं उरलेल्या दुखण्यावर, घरातल्या उंबऱ्यांवर, पैशांवर आणि सोबतीवर ठरतं. त्याच वर्षी दुसऱ्या एका आजोबांनी पाय काढायला नकार दिला. वेदनाशामक उपचार घेत ते महिन्याभराने गेले. त्यांच्या निर्णयाबद्दलही माझ्या मनात किंतु नाही. त्यांना विचारलं गेलं होतं.

आमांचे पहिले महिने खरंच जड गेले. नसलेल्या बोटांना रात्री कळा यायच्या. इंडोनेशियाहून आलेली घरकामाची मुलगी संडासात हात धरायची, ते त्यांना सगळ्यात लागायचं. सरकारी योजनेतून न्हाणीघरात धरायचे दांडे बसले, उंबऱ्यावर उतरण झाली, आणि दार आतून लावून एकटीला बसता यायला लागलं तेव्हा त्यांच्या बोलण्यात पहिल्यांदा जोर आला. इमारत जुनी, पूर्वी लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबायची. २००१ मध्ये सुरू झालेल्या सुधारणा योजनेमुळे आता ती त्यांच्याही मजल्यावर थांबते. ती थांबली नसती तर मागच्या खोलीतल्या शेजारणीसारखीच गत झाली असती, मनाची उभारी कितीही असली तरी.

कृत्रिम पाय मुलाने हौसेने करून घेतला. आमा तो फारसा लावत नाहीत. चाकाच्या खुर्चीत त्यांना खाली कोपितियाममध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खाण्याच्या जागेत, पाच मिनिटांत पोचता येतं. पाय लावून अर्धा तास जातो आणि दमायला होतं. मुलाला अजून वाटतं, लोकांसमोर तरी लावावा. त्यावर आम्ही दोनदा बोललो. परवा तोच म्हणाला, रविवारी तो आईला खाली नेतो आणि पेजेबरोबर मासा कुठला घ्यायचा ते तीच सांगते.

यंदा छिंगमिंगला, पितरांच्या दिवशी, नवऱ्यासाठी कागदी कपडे आणि बूट जाळताना आमांनी नातीला जवळ बोलावलं. तिला तिओचिऊ येत नाही, म्हणून मुलाने भाषांतर केलं, या वेळी शब्दही न गाळता. "माझ्या वेळी बूट जाळशील तेव्हा जोडीने जाळ. एकच आणू नकोस."