बॅटरी बदलण्याआधी मोजून पाहा : इन्व्हर्टरविषयी वाचकांचे प्रश्न

उन्हाळा तोंडावर आला की इन्व्हर्टर आणि बॅटरीविषयीच्या पत्रांची संख्या वाढते. त्यांतील बहुतेक पत्रे शेवटी एकाच प्रश्नावर येऊन थांबतात : बॅटरी बदलावी का? या वेळी निवडलेल्या पत्रांत पाणी, कुलर, कापूस आणि छतावरील सौर पॅनेल असे निरनिराळे विषय असले, तरी पहिल्याच पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण तशी तक्रार सर्वाधिक वाचकांची आहे.

प्रश्न : आमचे घर वरूड तालुक्यातील एका गावाच्या टोकाला, डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) बरेच लांब आहे. १५० एएच (अँपियर-तास) क्षमतेची ट्यूब्युलर बॅटरी घेऊन तीन वर्षे झाली. पूर्वी लाइन गेली की दोन पंखे आणि तीन दिवे पाच तास चालत; आता पाऊण तासातच इन्व्हर्टर ओरडू लागतो. जानेवारीपासून हा त्रास सुरू झाला. मेकॅनिकने बॅटरी बसली असे सांगून नवी घ्यायला सांगितले आहे. काय करावे? (एक संत्राउत्पादक)

उत्तर : आपण जानेवारीचा उल्लेख केला आहे, तो मला मेकॅनिकच्या निदानापेक्षा महत्त्वाचा वाटतो. वयामुळे बॅटरी बसते तेव्हा तिचा बॅकअप बहुधा हळूहळू कमी होत जातो. तो ठरावीक महिन्यापासून एकदम घसरला असेल, तर आधी चार्जिंगकडे पाहावे. आंबिया बहाराचे ओलित सुरू झाले की आपल्या भागात खोल बोअरवरचे पंप एकाच वेळी चालतात, आणि लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरांत तेव्हा १६०-१७० व्होल्टच मिळावेत, हे कुणाला नवीन नाही. बऱ्याच इन्व्हर्टरांच्या मागच्या बाजूला ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे दोन पर्याय असलेले बटन असते. ते यूपीएसवर असेल तर यंत्र साधारण १८० ते २६० व्होल्टच्या दरम्यानचीच लाइन स्वीकारते. दाब त्याखाली गेला की खांबावर वीज असूनही यंत्राच्या लेखी लाइन गेलेली असते. ते घर बॅटरीवर चालवते आणि बॅटरीला चार्जही मिळत नाही. मग खरोखर लाइन जाते तेव्हा बॅटरी आधीच निम्मी रिकामी झालेली असते, आणि दोष मात्र तिच्या वयाला दिला जातो.

म्हणून संध्याकाळी, पंप चालू असताना, घरातील सॉकेटवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. ते १८० च्या खाली असेल तर बटन नॉर्मलवर करावे. त्या स्थितीत बहुतेक यंत्रे १००-११० व्होल्टपर्यंतची लाइन घेतात. अर्थात तोच कमी दाब पंख्यांना आणि दिव्यांनाही मिळेल आणि लाइन जाता-येता संगणक कदाचित बंद पडेल, परंतु घरात संगणक नसेल तर ही अडचण फार मोठी नाही. दाब फारच कमी राहत असेल तर इन्व्हर्टरच्या आधी पुरेशा क्षमतेचा स्टॅबिलायझर बसवावा. त्याचबरोबर महावितरणकडे १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नोंदणी क्रमांक जपून ठेवावा. घरगुती ग्राहकाला मिळणारा दाब ठरलेल्या मूल्याच्या ६ टक्के वर किंवा खाली, एवढ्याच मर्यादेत राहावा असा नियम आहे, आणि एकट्याच्या अर्जापेक्षा त्याच डीपीवरील दहा घरांनी मिळून केलेल्या अर्जाकडे लवकर लक्ष दिले जाते.

यानंतर बॅटरीची परीक्षा घ्यावी. लाइन बरी असते अशा रात्री ती पूर्ण चार्ज करावी, मग इन्व्हर्टर बंद करून बॅटरीची वायर काढावी आणि काही तास तिला तशीच राहू द्यावी. वायर काढताना आधी निगेटिव्ह काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. हातातील अंगठी, कडे किंवा बांगड्या आधीच उतरवून ठेवाव्यात, कारण पान्यासोबत धातूचा दागिना दोन्ही टोकांना टेकला तर बोट भाजण्यापुरता प्रवाह क्षणात वाहतो. विश्रांतीनंतर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरली आहे असे समजावे, १२.२ च्या आसपास ती निम्मी असते आणि ११.८ ला जवळजवळ रिकामी. तथापि एवढ्यावर निकाल देऊ नये. बॅटरी परत जोडून मेन स्विच बंद करावा, नेहमीचे पंखे-दिवे लावावेत आणि बॅटरीच्या टोकांवर मीटर धरावे. आपल्या पत्रातील दोन पंखे आणि तीन दिवे मिळून साधारण १८० वॉटचा भार होतो. चांगली बॅटरी एवढ्या भारावर बराच वेळ १२ व्होल्टच्या आसपास टिकून राहते. काही मिनिटांतच आकडा ११.५ च्या खाली घसरला तर आत काही तरी बिघडले आहे. याच वेळी मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरी त्याच वायरच्या इन्व्हर्टरकडील टोकावर ठेवून पाहावी. तेथे अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसला तर लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) सैल आहे किंवा गंजला आहे. तसे असेल तर बॅटरी निर्दोषही असू शकते. इन्व्हर्टरला मात्र ती लवकर उतरल्याचे भासते.

शेवटची आणि सर्वांत खात्रीची चाचणी हायड्रोमीटरची आहे. बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर सहाही सेलमधील पाण्याची घनता मोजून कागदावर ओळीने लिहावी. भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत ती १.२४० च्या जवळपास येते. मेकॅनिक त्यालाच बाराशे चाळीस म्हणतात. मापन २७ अंशांसाठी असते, म्हणून त्याहून दर १० अंश जास्त तापमानाला वाचनात सात पॉइंट (म्हणजे ०.००७) मिळवावेत. मे महिन्यात हे न केल्यास चांगली बॅटरीही कमकुवत दिसेल. पाच सेल १२३०-१२४० दाखवीत असतील आणि एकच ११५० वर अडकला असेल, तर तो सेल गेला आहे आणि आपल्या मेकॅनिकचे म्हणणे खरे आहे. परंतु सहाही सेल सारखेच, समजा ११८० वर, असतील तर ही बॅटरी उपाशी आहे. अशी बॅटरी तालुक्याच्या चार्जिंगच्या दुकानात सात-आठ अँपियरवर सावकाश, दीड-दोन दिवस चार्ज करून घ्यावी. उपासमार दोन-तीन महिन्यांचीच असेल तर प्लेटांवर जमलेले सल्फेट बरेचसे विरघळते. वर्ष उलटले असेल तर ते घट्ट होते आणि मग आशा ठेवू नये. नवी बॅटरी घ्यावीच लागली तरी आधी लाइनचा बंदोबस्त करा, नाहीतर तिचीही हीच गत होईल.

प्रश्न : दर्यापूर तालुक्यात आम्ही राहतो. बॅटरीत गावातील आरओ प्लँटचे पाणी घातले तर चालेल का? टिनावरून पडलेले पावसाचे पाणी भरून ठेवले होते, तेही शुद्धच असते ना? (एक शिक्षिका)

उत्तर : दोन्ही नकोत. आपला तालुका खारपाणपट्ट्यात येतो. तेथील भूजलात क्षारांचे प्रमाण मुळातच इतके असते की आरओमधून निघाल्यावरही त्यांचा काही अंश पाण्यात राहतो; पिण्यास त्याने बाधा नसली तरी बॅटरीला असते. क्लोराइड पॉझिटिव्ह प्लेटची जाळी खातो, आणि लोहाचा अंश असला की बॅटरी वापराविनाच उतरू लागते. टिनावरच्या पाण्यात धूळ आणि गंज दोन्ही येतात. दुकानात मिळणारे डिस्टिल्ड पाणीच वापरावे. ॲसिड मात्र कधीही घालू नये, कारण उडून जाते ते पाणी. ॲसिड आतच राहते.

पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावर आणि वरच्या खुणेपर्यंतच भरावे. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील एवढे घालून मग चार्ज करावे. उन्हाळ्यात दर महिन्याला आणि एरवी दोन-तीन महिन्यांनी पातळी पाहणे पुरेसे आहे. एकच सेल सतत पाणी पीत असेल तर तो सेल कमकुवत होत आहे. सगळेच सेल भराभर रिकामे होत असतील तर चार्जिंग जास्त होत आहे असे समजून चार्ज चालू असताना बॅटरीवरील व्होल्टेज मोजावे. बॅटरी भरल्यानंतरही ते १४.४ च्या वरच राहत असेल आणि १३.५ ते १३.८ पर्यंत उतरत नसेल, तर इन्व्हर्टर दुरुस्तीस न्यावा. आपल्याकडील उन्हामुळे यात आणखी एक भर पडते. २५ अंशांना योग्य असलेले चार्जिंग व्होल्टेज ४५ अंशांना जवळपास अर्ध्या व्होल्टने जास्त ठरते, आणि घरगुती इन्व्हर्टरांपैकी अनेकांना तापमान कळतच नाही. दर १० अंशांच्या वाढीमागे लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते असा ठोकताळा आहे; म्हणून टिनाखालच्या खोलीतील बॅटरी माजघरात किंवा उत्तरेकडील भिंतीपाशी हलवणे हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.

प्रश्न : कुलर इन्व्हर्टरवर चालवता येईल का? नवतपात लाइन गेली की लहान मुलांना घेऊन झोपणे अशक्य होते. (वाचक, ब्रह्मपुरी)

उत्तर : चालेल, पण फार वेळ नाही. मोठ्या कुलरची मोटर आणि पंप मिळून २०० वॉट धरले आणि त्यावर दोन जुने पंखे असले, तर १५० एएचची नवी बॅटरीही तीनएक तासांतच संपेल. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर मोटर घुमते आणि तापते, तेव्हा त्यावर कुलर लावूच नये. माझ्या मते कुलरची लाइन इन्व्हर्टरपासून वेगळी ठेवून झोपण्याच्या खोलीत २८ ते ३५ वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) पंखा लावावा. त्यावर रात्र निभावते. ते पटत नसेल तर बीएलडीसी मोटरचा कुलर पाहावा. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो : पत्र्याच्या कुलरला तीन पिनची वायर आणि खरे अर्थिंग हवेच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो, म्हणून त्यात अधूनमधून पाणी ओतावे. मीटरजवळ बसवलेला आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लाइन असताना आपले रक्षण करतो. घर बॅटरीवर चालू असताना तो काम करीलच असे धरून चालू नये. कुलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी प्लग काढावा.

प्रश्न : वेचणीनंतर भाव येईपर्यंत कापूस आम्ही घरातच भरून ठेवतो. इन्व्हर्टरही त्याच खोलीत आहे. काही धोका आहे का? (कापूस उत्पादक, राळेगाव)

उत्तर : आहे, आणि तो गंभीर आहे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एका ठिणगीने तो पेट घेतो. सैल टर्मिनल ठिणगी देते, आणि कापूस शेजारी असला की आग विझवायला वेळच मिळत नाही. त्यातच कापसाचे तंतू इन्व्हर्टरच्या पंख्याच्या जाळीत अडकून तो तापतो. कापूस हलवणे कठीण असेल तर इन्व्हर्टर आणि बॅटरी हलवा : ओसरीवर, सावलीत, वारा खेळेल अशा जागी, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा रीतीने. देवघरही यासाठी योग्य नाही, कारण तेथे निरांजन आणि उदबत्ती असते.

प्रश्न : २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून छतावर ३ किलोवॉटचे पॅनेल बसवले. तरीही लाइन गेली की भर दुपारी घरातील वीज जाते. आम्ही फसलो का? (वाचक, लाखनी)

उत्तर : फसला नाहीत, परंतु बसवणाऱ्याने हे आधीच सांगायला हवे होते. या योजनेतील नेहमीची यंत्रणा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडून चालणारी असते आणि लाइन गेल्यावर तिने बंद पडावे अशीच तिची रचना आहे. ती चालू राहिली असती तर बंद लाइनवर काम करणाऱ्या लाइनमनच्या अंगावर आपल्या छतावरची वीज गेली असती. लाइन नसतानाही वीज हवी असेल तर हायब्रीड (लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि तो बदल महावितरणला कळवूनच करावा. घरात जुना लहान इन्व्हर्टर असेल तर तो पूर्वीसारखाच वापरा. पंखे-दिव्यांपुरता तो पुरेसा आहे. मात्र त्याची वीज सौर इन्व्हर्टरला जोडून त्याला ‘लाइन आली’ असे भासवण्याची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका, कारण पॅनेलची उरलेली वीज उलटी येऊन लहान इन्व्हर्टर जाळते. हाच नियम जनरेटरलाही लागू आहे : दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर सॉकेटमध्ये घालून घर चालवू नये, मीटरनंतर चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा) बसवून घ्यावा, आणि ते काम परवानाधारक वायरमनकडूनच करवावे.