ऊर्जेचा नातू आणि रूपांतरणातला तो 'ण'

प्रश्न असा आलाय: "मुलीला विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता करायचाय. 'उर्जाची रूपे आणि त्यांचे रूपांतरण' असं लिहायचं की 'शक्तीची रूपे'? आणि रूपांतरण बरोबर की रूपांतर? दोन शिक्षकांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या."

तक्ता रंगवायच्या आधी तेवढा ऊ दीर्घ करा. ऊर्जा, ऊर्जा, ऊर्जा! उर्जा असा शब्दच नाही, तरी जिथे बघावं तिथे तोच ऱ्हस्व उ. माझा आपला एक अंदाज आहे की उर्वरित, उर्मट, उर्दू असं लिहून लिहून हाताला वळण पडलंय, पुढे रफार दिसला की हात आपोआप ऱ्हस्व काढतो. पण पूर्ण, चूर्ण, मूर्ख, मूर्च्छा, ऊर्मी, ऊर्ध्व हे सगळे दीर्घ आहेत आणि ऊर्जा त्यांच्या पंगतीतली. दुसरं म्हणजे 'ऊर्जाची' नाही, 'ऊर्जेची'. शाळेची, भाषेची म्हणता ना, शाळाची भाषाची म्हणत नाही ना, मग हिच्यावरच अन्याय का? हिंदीत ऊर्जा तशीच राहते आणि पुढे का-की-के लागतात, तेच ऐकून इकडे आलंय.

आता शक्ती. भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकांत हे ठरून गेलंय: फोर्स म्हणजे बल, एनर्जी म्हणजे ऊर्जा, आणि पॉवर म्हणजे शक्ती, म्हणजे कार्य करण्याचा दर. त्यामुळे "हा पंखा ७५ वॉट ऊर्जा खातो" हे वाक्य चूक, वॉट हे शक्तीचं एकक आहे, ऊर्जेचं ज्यूल. विजेच्या बिलावरचं युनिट मात्र ऊर्जेचंच, एक किलोवॉट-तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल. अश्वशक्ती हा शब्द बरोबर आहे कारण ते ७४६ वॉट आहेत, आणि अणुशक्ती, सौरशक्ती हे जुन्या वळणाचे शब्द, परिभाषा पक्की व्हायच्या आधीचे.

पण खरं सांगू का, ही परिभाषा ज्यांनी ठरवली त्यांच्याशी माझं मनातल्या मनात कायमचं भांडण आहे. ऊर्जेची शाळेतली व्याख्या काय? कार्य करण्याची क्षमता. आणि शक्ती शब्द कुठून आला? शक् धातूपासून, आपल्या रोजच्या 'शकणे'चा तोच, करू शकणं ती शक्ती. म्हणजे व्याख्या एकीची आणि नाव दिलं दुसरीला! दराला दुसरं काहीतरी नाव देऊन शक्ती हा शब्द एनर्जीसाठी मोकळा ठेवता आला असता. असो, ठरलं ते ठरलं, परीक्षेत माझं ऐकू नका. आणि शक्ती-ऊर्जेत गल्लत झाली म्हणून कुणाला अडाणीही म्हणू नका. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेवर तो प्रसिद्ध प्रबंध लिहिला तेव्हा शीर्षकातच 'क्राफ्ट' शब्द वापरला होता, म्हणजे आजच्या हिशेबाने बल!

बरं, आता मुख्य गोष्ट. मुख्य म्हणजे मला सांगायची होती ती.

ऊर्जा या शब्दाचा मूळ अर्थ यंत्राबिंत्राशी जुळणारा नाहीच. ऊर्ज् म्हणजे रस, पोषण, सत्त्व, खाल्ल्या-प्यायल्यावर अंगात जे भरतं ते. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'ऊर्ज बलप्राणनयोः' असं दिलंय, बळ आणि जगणं-श्वासणं दोन्ही एकदम. यजुर्वेदाची सुरुवातच 'इषे त्वोर्जे त्वा' अशी होते, आणि हे कुणाला उद्देशून आहे तर यज्ञासाठी तोडायच्या झाडाच्या फांदीला! अन्नासाठी तुला, रसासाठी तुला. आश्विन आणि कार्तिक यांची जुनी वैदिक नावं इष आणि ऊर्ज अशीच आहेत, दाणा भरायचे दिवस. आणि मराठीत ज्याला आपण ऊर्जितावस्था म्हणतो, एखाद्या कलेला ऊर्जितावस्था आली वगैरे, तिथे हा जुना अर्थ अजून शाबूत आहे. कलेत काही ज्यूल भरलेले नसतात, ती रसाने भरून आलेली असते.

आता माझा लाडका सिद्धांत, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खाली उतरावं. ऋग्वेदात अग्नीला 'ऊर्जो नपात्' म्हटलंय, एकदा नाही, बऱ्याच वेळा. नपात् म्हणजे नातू किंवा वंशज, आपला मराठी 'नातू' त्याच कुळातला (लॅटिनमधला नेपोसही). बरीच भाषांतरं याचं सरळ 'बळाचा पुत्र' करून टाकतात आणि पुढे जातात. मला हे पटत नाही, अजिबात पटत नाही. बळाचा पुत्र म्हणायला 'सहसः सूनुः' हे वेगळं विशेषण ऋग्वेदात आहेच, अरणी, म्हणजे अग्नी काढायची लाकडं, जोर लावून घासली की अग्नी निघतो म्हणून तो जोराचा मुलगा, आजच्या भाषेत यांत्रिक ऊर्जेची उष्णता झाली. मग ऊर्जो नपात् मध्ये तेच पुन्हा कशाला सांगतील? इथे ऊर्ज् म्हणजे रसच घ्यायला हवा: झाडातला रस ही आजी, रसावर पोसलेलं लाकूड ही आई, आणि लाकडातून उठणारा अग्नी हा नातू. दोन पिढ्या, म्हणून सूनु नाही, नपात्! 'अपां नपात्', म्हणजे पाण्याचा नातू, याचा अर्थ जुन्या टीकाकारांनी असाच लावलेला आहे, पाण्यापासून वनस्पती आणि वनस्पतींपासून अग्नी, मग इथेच का अडतं कळत नाही. नपात्चा नुसता 'अपत्य' असा ढोबळ अर्थही होतो हे मला माहीत आहे, कृपया कळवू नये.

आणि लगेच कुणी "बघा, आपल्याला तेव्हाच रासायनिक ऊर्जेचं रूपांतर माहीत होतं" म्हणून पुढे ढकलू नका हो. लाकूड जळतं हे बघायला समीकरण लागत नाही. पडणाऱ्या वजनाने पाण्यातली पाती फिरवून पाणी किती तापतं हे ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने (एककाला नाव त्याचंच) १८४० च्या दशकात मोजलं, आणि आज आपण एक कॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ ज्यूल म्हणतो. तो हिशेब वेगळा, ही कविता वेगळी. मला कविता आवडते एवढंच.

याच मंडळींचा दुसरा आवडता दावा म्हणजे 'एनर्जी' शब्द ऊर्जेवरून आला. नाही आला. एनर्जी हा ग्रीक 'एनेर्गेइया', एन म्हणजे आत आणि एर्गॉन म्हणजे काम, त्यात ग आहे, ज नाही, तो ज पुढे युरोपातल्या उच्चारात शिरला आणि आपल्याला 'र्ज' दिसला की लगेच नातं जुळवायची घाई. एर्गॉनचं सख्खं भावंड इंग्रजीतलं 'वर्क' आहे. आजच्या शास्त्रीय अर्थाने एनर्जी शब्द थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाच्या १८०७ मध्ये छापलेल्या व्याख्यानांत येतो. ग्रीकमध्ये ऊर्जेचं नातलग शोधायचंच तर भाषाशास्त्रज्ञ 'ओर्गे'कडे बोट दाखवतात. ओर्गे म्हणजे आतून येणारी उसळी, आणि पुढे राग. त्याच घरातलं ओर्गास म्हणजे ओलसर सुपीक जमीन. फळ रसाने टचटचीत फुगणं आणि माणूस रागाने फुगणं, एकाच घरात! हे नातं इतकं देखणं असताना लोकांना एनर्जीच कशाला हवी असते देव जाणे.

हां, रूपांतर. विसरलो नाहीये.

रूपांतर म्हणजे रूपातलं अंतर नव्हे. इथे अंतर म्हणजे 'दुसरा'. दुसरं रूप ते रूपांतर, दुसरी भाषा ती भाषांतर, तसंच वेषांतर, देशांतर, जन्मांतर. इंग्रजीतला 'अदर' हा याच 'अंतर'चा लांबचा भाऊ. टॉर्चच्या सेलमधली रासायनिक ऊर्जा तारेत विद्युत होते, दिव्यात प्रकाश आणि थोडी उष्णता होते, दर पायरीला ऊर्जा तीच, रूप दुसरं, आणि शब्दही नेमकं तेवढंच सांगतो. म्हणून परिवर्तनापेक्षा रूपांतर चांगला. परिवर्तनात नुसतं पालटणं येतं, आतलं तेच राहिलं हे येत नाही.

रूपांतरणवाले म्हणतात की 'रूपांतर' हा परिणाम आणि 'रूपांतरण' ही प्रक्रिया, म्हणून शास्त्रात ण हवा. ऐकायला छान आहे. पण "भाषांतर चालू आहे" आणि "भाषांतर छापून आलं" ही दोन्ही वाक्यं मराठी माणूस एकाच शब्दात बोलतो, कुणाचं काही अडत नाही, भाषांतरण कुणी मागत नाही. व्याकरणाने ण चूक नाही हे मान्य, मराठीला त्याची गरज नाही एवढंच म्हणणं आहे.

'ऊर्जानिर्मिती' शब्दावरही मी तापणार होतो, कारण ऊर्जा निर्माण होत नाही हा तर नियमच आहे, वीजनिर्मिती चालेल, ऊर्जानिर्मिती कशी चालेल? पण लिहिता लिहिता लक्षात आलं की निर्मितीमधला धातू 'मा' आहे, मा म्हणजे मोजणं. निर्मिती म्हणजे मुळात मापून बाहेर काढणं! मग या रूपातली मोजून त्या रूपात काढली, याला निर्मिती म्हटलं तर मी कोण अडवणार. तेवढा राग मागे घेतो.

तुमच्या तक्त्यात अजून एक चूक आहे जी दोन्ही शिक्षकांना दिसली नाही. 'रूपे आणि त्यांचे रूपांतरण' यात 'त्यांचे' म्हणजे रूपांचे, आणि रूपाचं रूपांतर होत नसतं, ऊर्जेचं होतं. मोठ्या अक्षरात 'ऊर्जा' लिहा आणि खाली 'रूपे आणि रूपांतरे', अनेकवचनात, कारण बाण काढाल तेवढी रूपांतरे होणार आहेत. ऊ दीर्घ.