अभिनय-गायन सांभाळून चळवळ करणाऱ्या स्त्रियांना हे जमतं कसं? नाटकात काम करणारीने सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की अभिनय, गायन असं पूर्ण वेळचं काम असूनही काही स्त्रिया सामाजिक चळवळीत टिकून कशा राहतात, आणि नाटक-मालिकांत लहान भूमिका करणाऱ्या मुलीला त्यातलं काय करता येईल.

ज्यांचं काम टिकलं त्यांच्याकडे नीट पाहिलं तर त्यांनी हत्यार आपल्याच व्यवसायातून उचललेलं दिसतं: कुणी संहिता, कुणी करार, कुणी स्वतःची मिळकत. आणि त्यातल्या बऱ्याच जणी एकट्या नव्हत्या.

सर्वांत शिकण्याजोगा दाखला मला अमेरिकन अभिनेत्री जीना डेव्हिस यांचा वाटतो. लहान मुलीसोबत मुलांचे कार्यक्रम बघताना त्यांच्या लक्षात आलं की पडद्यावर मुली फारच कमी आहेत. त्यांनी २००४ मध्ये संस्था काढली आणि मोजणी करवून घेतली. कौटुंबिक चित्रपटांत बोलणाऱ्या तीन पुरुष पात्रांमागे एक स्त्री पात्र, गर्दीच्या दृश्यांत बायका जेमतेम १७ टक्के. हे आकडे त्यांनी स्टुडिओंच्या माणसांसमोर थेट बैठकीत ठेवले, कुणाला चव्हाट्यावर आणलं नाही. मग सुचवलेला उपायही अगदी साधा होता: तयार संहितेतल्या काही पुरुष पात्रांची नावं बदलून त्यांना स्त्रिया करा, आणि गर्दीचं वर्णन करताना 'यात निम्म्या बायका' असं लिहा. हे कागदावर नसेल तर गर्दी जमवणारा सवयीने पुरुषच गोळा करतो.

तुम्हीही ही मोजणी करू शकता. एका वर्षात एका संस्थेने केलेली सगळी नाटकं घ्या. निवडून वाईट तेवढी घेतलीत तर पहिल्याच प्रश्नाला आकडा कोसळेल. बोलणारी पात्रं, नाव असलेली पात्रं, संवादांच्या ओळी आणि पात्राचा व्यवसाय असे चार रकाने पुरेत. नियम आधी लिहून ठेवा, उदाहरणार्थ एक वाक्य बोललं तरी ते 'बोलणारं पात्र'. दोघींनी वेगवेगळं मोजा आणि जिथे फरक पडेल तिथे संहिता पुन्हा उघडा.

दुसरं हत्यार करार. मार्च २०१८ मध्ये ऑस्कर घेताना अभिनेत्री फ्रान्सेस मॅकडॉरमंड यांनी भाषणाच्या शेवटी दोनच शब्द सांगितले: 'इन्क्लूजन रायडर'. म्हणजे कलाकाराच्या करारातलं असं कलम, की पात्रनिवड आणि तंत्रज्ञांची भरती करताना डावलल्या गेलेल्या गटांचा विचार व्हायलाच हवा. ही कल्पना डेव्हिस यांच्यासाठी मोजणी करणाऱ्या संशोधक स्टेसी स्मिथ यांची. आकड्यांतून कलम निघालं, हा क्रम महत्त्वाचा. असं कलम मागण्याची ताकद नवोदित मुलीत नसते, हे खरं. पण दोन गोष्टी सहीआधी विचारता येतातच. 'निर्मितीची प्रतिमा मलिन होईल असं वर्तन' असं मोघम कलम असेल तर त्याची व्याख्या लेखी मागा, कारण पुढे तुमच्या मोर्च्यावर किंवा पोस्टवर तेच चिकटवलं जातं. आणि लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीतल्या लोकांची नावं विचारा. सही झाल्यावर यातलं काहीही पदरात पडत नाही.

या समितीवरून केरळच्या 'विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह' या चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या संघटनेकडे यायला हवं. फेब्रुवारी २०१७ मध्ये कोचीत एका अभिनेत्रीचं अपहरण करून तिच्यावर अत्याचार झाला. त्यानंतर रेवती, पार्वती तिरुवोत, रीमा कल्लिंगल, संकलक बीना पॉल, दिग्दर्शक अंजली मेनन अशा अनेक जणी एकत्र आल्या आणि मे महिन्यात थेट मुख्यमंत्र्यांना भेटल्या. त्यातून चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या अडचणी तपासायला न्यायमूर्ती के. हेमा यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल ३१ डिसेंबर २०१९ ला सरकारकडे गेला आणि लोकांसमोर, तोही काही भाग गाळून, आला १९ ऑगस्ट २०२४ ला. साडेचार वर्षांहून जास्त काळ तो पडून राहिला. म्हणून कुठलीही समिती मागताना अहवालाची मुदत आणि तो प्रसिद्ध करण्याची अट, दोन्ही नेमणुकीच्या आदेशातच लिहून घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. कलेक्टिव्हचं मला जास्त मोलाचं वाटणारं काम दुसरंच आहे. २०१८ मध्ये त्या केरळ उच्च न्यायालयात गेल्या आणि मार्च २०२२ मध्ये निकाल मिळवला: चित्रपटाचं निर्मिती-युनिट ही कामाची जागा आहे आणि तिथे अंतर्गत समिती हवीच.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर समिती बंधनकारक. अध्यक्षपदी वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरची. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची (सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते), चौकशी ९० दिवसांत संपवायची. नाटकाचा चमू दहापेक्षा लहान असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, हे अनेकींना ठाऊकच नसतं.

पैशाबद्दल थोडक्यात. अमेरिकन अभिनेत्री जेन फोंडा यांनी १९८२ च्या व्यायामाच्या व्हिडिओची कमाई स्वतः उभारलेल्या राजकीय संघटनेकडे वळवली. अभिनेत्री एलिझाबेथ टेलर यांनी १९९१ मध्ये स्वतःच्या लग्नाच्या छायाचित्रांचे हक्क विकून एड्सविषयक काम करणारी संस्था सुरू केली. तुमच्या पातळीवर नियम एकच: देणग्या स्वतःच्या खात्यात कधीही घेऊ नका. नोंदणीकृत संस्थेचं खातं आणि पावती.

चुकतं कुठे, तेही फोंडांकडूनच शिकावं. १९७२ मध्ये, अमेरिका उत्तर व्हिएतनामशी लढत असताना, तिथल्या हनोईत विमानविरोधी तोफेवर बसून काढलेला त्यांचा फोटो आयुष्यभर त्यांच्या मागे लागला. त्यांनी त्याबद्दल जाहीर माफीही मागितली. फोटो कुठे, कुणाबरोबर, पाठीमागे काय, हे ठरवायला सोबत एक शांत डोक्याची व्यक्ती लागते. २०१९ मध्ये हवामानबदलासाठी वॉशिंग्टनमध्ये दर शुक्रवारी निदर्शनं करताना त्यांनी शास्त्रज्ञ आणि कार्यकर्त्यांना पुढे बोलायला लावलं, आणि चित्रीकरण सुरू होण्याआधीचे चार महिने त्यासाठी राखून ठेवले. तारखांचं गणित असं आधी बसवावं लागतं.

मागणीही मोजता येणारी हवी. १९८६ मध्ये मुंबईत संजय गांधी नगरची झोपडपट्टी पाडली गेली तेव्हा शबाना आझमी तिथल्या रहिवाशांबरोबर उपोषणाला बसल्या. मागणी एकच होती, पर्यायी जागा. पाचव्या दिवशी ती मान्य झाली.

किंमत मात्र खरी असते. दक्षिण आफ्रिकेच्या गायिका मिरियम मकेबा यांनी १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांसमोर वर्णद्वेषाविरुद्ध साक्ष दिली. दक्षिण आफ्रिकेने त्यांच्या ध्वनिमुद्रिकांवर बंदी घातली, नागरिकत्व काढून घेतलं. मायदेशी परतायला १९९० उजाडलं. तुमच्यावर असं संकट येणार नाही, पण हातातली कामं कमी होऊ शकतात. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय आघाडीवर नाव देऊ नका. मागे राहून मोजणी आणि कागदपत्रं सांभाळणंही तितकंच लागतं.

तुम्ही नाटकवाल्या आहात म्हणून शेवटी 'मुलगी झाली हो'. ज्योती म्हापसेकर यांचं हे नाटक स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ पासून गावोगाव नेलं, त्याचे हजारो प्रयोग झाले. पण ही संघटना कुटुंब सल्ला केंद्रंही चालवते, आणि हा जोड विसरू नका. हिंसाचारावरचं नाटक संपल्यावर प्रेक्षकांतली एखादी बाई विंगेत येऊन आपली हकीकत सांगते. तिला कुठे पाठवायचं हे ठाऊक नसेल तर ती तशीच त्या घरी परत जाते. म्हणून प्रयोगाची तारीख घेण्याआधी जवळच्या समुपदेशन केंद्राशी बोला, त्यांची एक कार्यकर्ती प्रयोगाला बसवा, आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक पडदा पडल्यावर दोनदा मोठ्याने सांगा.