फोर्ड मॉडेल ए घाटात तापली की बंद पडते. इलेक्ट्रिक पेट्रोल पंप लावावा का?

नका लावू. आणि ज्याने हा सल्ला दिला त्याच्या ताब्यात गाडी परत देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की आजोबांची १९३० ची मॉडेल ए ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाट चढली की फुर्रफुर्र करून बंद पडते आणि अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. मिस्त्री म्हणतो पेट्रोलची वाफ होते, पंप टाकू. शेवटी सहज लिहून टाकलंय की मूळ ६ व्होल्टची बॅटरी १२ व्होल्टची करून घेतली आहे, "बाकी सगळं ओरिजिनल". खरी गोम तिथे आहे. पण पंपाचं आधी सांगतो, कारण त्यात गाडी पेटू शकते.

या गाडीची टाकी विंडस्क्रीनच्या पुढे, डॅशच्या वर. पेट्रोल वजनानेच खाली उतरतं. कार्बोरेटरच्या नीडल व्हॉल्व्हवर (पेट्रोल आत सोडणाऱ्या सुईवर) जो दाब येतो तो एक पीएसआयच्याही (दाबाचं माप) आत असतो आणि या झेनिथ कार्बोरेटरचा फ्लोट, म्हणजे सुई बंद करणारा तरंगता डबा, तेवढ्याच दाबासाठी बनवलेला आहे. बाजारातले इलेक्ट्रिक पंप दोन ते चार पीएसआय देतात. तो दाब नीडल ढकलून उघडी ठेवतो, बोल (कार्बोरेटरची पेट्रोलची वाटी) भरून वाहतो. हा कार्बोरेटर मॅनिफोल्डच्या (इंजिनच्या बाजूच्या तापणाऱ्या नळ्यांच्या) खाली लटकलेला असल्यामुळे वाहिलेलं पेट्रोल इंजिनच्या पोटाशी ठिबकत राहतं, अर्ध्या हातावर एक्झॉस्ट. यापुढे मला काही बोलायचं नाही.

आता चोर कोण ते. अर्धा तास थांबलात की पेट्रोल थंड, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारी) थंड, कंडेन्सरही (ठिणगी जोरदार ठेवणारा छोटा डबा) थंड. मग गाडी सुरू झाली म्हणून वाफच होती, हे सिद्ध कसं झालं? तपासायचं ते गाडी बंद पडली त्याच मिनिटाला, गरम असताना.

पहिलं, टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच उचलली, तर झाकणाचं श्वासाचं छिद्र बुजलंय. फुकटात काम झालं. हा दोष हुबेहूब तापल्यासारखा दिसतो, कारण टाकीत व्हॅक्युम साचायला वेळ लागतो आणि जिरायलाही.

मग कार्बोरेटरच्या तळाचा पितळी ड्रेन प्लग काढून खाली बाटली धरा. आधी बोलमधलं पेट्रोल पडेल, ते मोजू नका. त्यानंतर मिनिटभर सलग, न तुटता धार आली तर पेट्रोल निर्दोष सुटलं. तुटक आली तर सेडिमेंट बोल (गाळ धरणारी वाटी), टाकीचा गंज, किंवा मॅनिफोल्डला चिकटवून नेलेली पाइप. (हे करताना आसपास कुणी विडी ओढत नाही ना, ते बघा. घाटात गाडी थांबली की चार जण जमतातच.)

धार ठीक असेल तर करंट बघा. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मधली जाड वायर काढून तिचं टोक हेडपासून पाव इंचावर धरा, पकड रबरी हवी. किल्ली चालू ठेवून पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले करंट जोडणारे-तोडणारे तुकडे) लाकडी काडीने उघडमीट करा. ठिणगी जाड, निळी, तडतडणारी हवी. पिवळट, बारीक दिसली तर कंडेन्सर किंवा कॉइल. कंडेन्सर डिस्ट्रिब्युटरच्या बाहेरच्या अंगाला बसतो, खाली तापलेलं हेड, शेजारी एक्झॉस्ट. म्हणून तो गरमीत जातो. ०.२० ते ०.२५ मायक्रोफॅरडचा एक स्पेअर डिकीत ठेवा. जुना सोडवून नव्याची वायर पॉइंटच्या टर्मिनलला आणि अंग बॉडीला लावलं की तिथल्या तिथे निकाल लागतो. ठिणगी सुधारली नाही तर कॉइलवर ओलं फडकं गुंडाळा. गाडी उचलली तर चोर सापडला.

इंदूरच्या रामबागेतली एक मॉडेल ए मला याच तक्रारीसाठी दाखवली होती. तिच्यावर सगळे उपाय होऊन गेले होते: पंप लावला, काढला, तांब्याच्या पाइपला दोरी गुंडाळली, पाइपवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटेसुद्धा रांगेने लावलेले. कॉइलकडे कुणी पाहिलंच नव्हतं. कॉइलमधलं डांबर ओघळून फायरवॉलच्या (इंजिनमागच्या पत्र्याच्या) रंगावर सुकलं होतं, पॉइंट काळेठिक्कर. मीटर लावला तर कॉइलची प्रायमरी (बॅटरीचा करंट जातो ते वेटोळं) दीड ओहम, म्हणजे ६ व्होल्टची मूळ कॉइल, आणि बॅटरी १२ ची. व्होल्ट दुप्पट झाले की करंट दुप्पट आणि उष्णता चौपट. ६ व्होल्टवर पॉइंट मिटलेले असताना चारेक अँपियर जायचे, तिथे आठ-नऊ. थंडीत, सपाटीवर कॉइल कशीबशी तग धरते. मे महिन्यात घाटात तिचं इन्सुलेशन हार मानतं. कॉइल बदलली आणि तीच गाडी त्याच घाटातून न थांबता वर आली. वर्कशॉपवाला तरीही म्हणाला, "अरे भिया, पेट्रोल ही खराब आ रहा है आजकल."

तुमचीही तीच कथा असणार असं मला वाटतं. खात्री घरीच करता येते: किल्ली चालू, इंजिन बंद, पॉइंट मिटलेले, क्षणभर ॲमीटर बघा. काटा आठच्या पुढे गेला तर कॉइल चुकीची आहे. लगेच किल्ली बंद करा. उपाय दोन. अँबेसेडरची १२ व्होल्ट कॉइल लावा, मीटरवर तीन ओहमच्या आसपास दाखवली पाहिजे. किंवा मूळ कॉइल चांगली असेल तर टर्मिनल बॉक्स आणि कॉइलच्या मध्ये दीड ओहमचा सिरॅमिक रेझिस्टर, पत्र्यावर कसलेला, कारण तो सणकून तापतो. जळलेले पॉइंट बदला, गॅप ०.०१८ ते ०.०२२ इंच, प्लग ०.०३५. १२ व्होल्ट करताना अर्थ (बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक) उलटा केला असेल तर कॉइलच्या वायरीही उलटा, नाहीतर ठिणगी कमजोर पडते.

माझं विचाराल तर गाडी परत ६ वर न्या. इंदुरात जुन्या गाडीचा विषय निघाला की लोक थेट यशवंतराव होळकर महाराजांच्या ड्यूसेनबर्ग या आलिशान मोटारीवर जातात. तिच्यापुढे ही गरीब गाय, पण हिचं सर्किट पाकिटाच्या पाठीवर काढता येतं. "६ व्होल्टवर सेल्फ ओढत नाही" हे मी ऐकत आलोय. सेल्फ ओढत नाही कारण आपण १२ व्होल्टच्या बारीक वायरी लावतो. सियागंजच्या बाजारातून ५० स्क्वेअर एमएमची वेल्डिंग केबल आणा, पितळी लग्ज दाबून बसवा, अर्थची पट्टी लावायच्या जागी चेसिसचा रंग खरवडून लोखंड चमकवा. मग सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकापासून सेल्फच्या टोकापर्यंत व्होल्टमीटर लावा. ०.३ पेक्षा जास्त दिसलं तर केबल खराब. बॅटरी ते इंजिन ब्लॉक असंच मोजा. उलट १२ व्होल्टवर तोच सेल्फ इतक्या जोरात फिरतो की बेंडिक्सची (सेल्फ इंजिनला जोडणाऱ्या भागाची) स्प्रिंग तुटते आणि फ्लायव्हीलचे दात खातो. ६ व्होल्टच्या गोल्फ कार्टच्या बॅटऱ्या मिळतात, ट्रेचं माप घेऊन जा.

हे सगळं मॉडेल ए पुरतं. १९३२ पासूनच्या फोर्ड व्ही-८ ला मेकॅनिकल पंप इंजिनवरच, तापल्या जागी असतो. तिथे वाफेची तक्रार खरी असते. शिवाय मॉडेल ए मध्ये चढावर स्पार्कचा लिव्हर वर, म्हणजे रिटार्डमध्ये (ठिणगी उशिरा) राहिला तर कुठलीही कॉइल लावा, मॅनिफोल्ड लाल होऊन इंजिन तापणारच. इंजिन कुंथायला लागलं तरच लिव्हर थोडा वर घ्या.

पेट्रोलचं म्हणाल तर मिस्त्री अगदीच खोटं बोलत नाही. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर मिश्रण पातळ पडतं, तेव्हा मिक्श्चरची रॉड नेहमीपेक्षा किंचित जास्त उघडी ठेवा. पावसाळ्यात गाडी उभी ठेवण्याचं विचारलंत: टाकी आणि बोल रिकामे करा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि तळाशी गंज धरतो. बॅटरीची अर्थ काढा, चाकं जमिनीपासून उचला, पंधरवड्यातून एकदा किल्ली बंद ठेवून हँडलने इंजिन चार फेरे फिरवा. अंगठा मात्र बाकी बोटांच्याच बाजूला.